टाइमवॉरियरचं घड्याळ रात्रभर चालू राहतं तेव्हा

"दादा, तुझं हे टूल रात्री झोपत नाही का रे?"

जूनमधला गुरुवार, सकाळचे ९:२०. मावसभावाचा मेसेज, सोबत टर्मिनलचा (कमांड टाइप करायच्या खिडकीचा) स्क्रीनशॉट. बुधवारी दुपारी ४:०५ ला त्याने क्लायंटचं काम सुरू केलं, साडेसातला लॅपटॉप मिटला आणि कर्वेनगरातून डेक्कनला मित्रांकडे गेला. सकाळी उघडून बघतो तर टाइमवॉरियरच्या (टर्मिनलमध्ये कमांड देऊन कामाचे तास नोंदवायच्या टूलच्या) हिशोबात बुधवारचे ७ तास ५५ मिनिटं आणि गुरुवारचे ९ तास २० मिनिटं, एकूण १७:१५. खरं काम ३ तास २५ मिनिटांचं. तो तासावर बिल लावतो, त्यामुळे घाबरणं साहजिक होतं. घाबरून त्याने आणखी दोन कमांड दिल्या आणि गुंता वाढवला, त्याकडे येतोच.

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला असं नाही. मी स्वतः सुरुवातीचे काही महिने याच खड्ड्यात रोज पडत होतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

एक सूचना आधीच: कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टाइमडब्ल्यू ही टाइमवॉरियरची कमांड. टर्मिनलमध्ये रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाका.

आधी हे बघा: काहीच चालू नसतं

मावसभावाचा पहिला संशय असा की लॅपटॉप मिटल्यावरही टाइमवॉरियर मागे कुठेतरी चालू राहतो, बॅटरी खातो, तास मोजतो. तसं काही नाही. पीएस ही कमांड लावून प्रोसेसची (चालू प्रोग्रामची) यादी बघा, त्यात टाइमवॉरियर सापडणार नाही. "टाइमडब्ल्यू स्टार्ट क्लायंट" म्हटलं की तो महिन्याच्या डेटा फाइलीत एक ओळ लिहितो आणि त्याच क्षणी बाहेर पडतो. मोजत कोणीच नसतं. तुम्ही समरी (तासांचा गोषवारा) मागता तेव्हा तो ओळीतली सुरुवातीची वेळ घेतो, शेवटची वेळ नसेल तर आत्ताची वेळ घेतो आणि वजाबाकी करून दाखवतो.

दुधाचा रतीब आठवा. दूध रोज येतं हे गृहीत असतं. कॅलेंडरवर मांडायचा असतो तो खाडा. गावाला गेलात आणि खाडा मांडला नाहीत, तर महिनाअखेरीस त्या दिवसांचेही पैसे लागतात, आणि त्यात दूधवाल्याची चूक काढता येत नाही. टाइमवॉरियरमध्ये स्टार्ट म्हणजे रतीब लावणं. खाडा तुमचा तुम्ही मांडायचा.

फाइल उघडून बघितली की हे लगेच पटतं. ती साधी टेक्स्ट फाइल आहे. होम फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या टाइमवॉरियर फोल्डरात, त्यात डेटा, त्यात वर्ष-महिन्याच्या नावाची. नवी आवृत्ती पहिल्यांदाच बसवली असेल तर ती लोकल-शेअरखाली असू शकते. "टाइमडब्ल्यू डायग्नोस्टिक्स" म्हटलं की नेमका पत्ता कळतो. मावसभावाच्या फाइलीतली ती ओळ अशी होती: आधी "इन्क", मग २०२५०६११, त्याला चिकटून टी, मग १०३५००, शेवटी झेड, नंतर हॅश आणि टॅग (कामाला दिलेलं नाव). बस. शेवटची वेळ नाहीच. बंद झालेल्या नोंदीत मधे एक डॅश आणि दुसरी वेळ असते.

इथे त्याचा दुसरा प्रश्न: "मी ४:०५ ला सुरू केलं, इथे १०:३५ का दिसतंय?" शेवटचा झेड म्हणजे ती वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहे. आपली घड्याळं त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे १०:३५ अधिक ५:३० बरोबर १६:०५. फाइल बरोबर आहे. समरीमध्ये ती वेळ आपली करूनच दिसते. फाइल हाताने उघडून "चुकलेल्या" वेळा सुधारत बसलेला एक माणूस मी पाहिलाय, आणि तो माणूस मीच होतो. पूर्ण आठवडा साडेपाच तास पुढे सरकवला होता. फाइल वाचा जरूर, बदल मात्र कमांडनेच करा.

घोळ झाल्यावर काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

सकाळी जुनी नोंद चालूच आहे असं दिसलं की दोन गोष्टी टाळायच्या.

पहिली, नवं काम सुरू करू नका. स्टार्ट म्हटलं की आधी चालू असलेली नोंद त्या क्षणी आपोआप बंद होते. म्हणजे रात्रीचे सगळे तास पक्के होऊन बसतात. ते दुरुस्त करता येतात, पण काम वाढतं.

दुसरी, कॅन्सल म्हणू नका. कॅन्सल चालू नोंद पूर्ण टाकून देतं, त्यातल्या खऱ्या ३ तास २५ मिनिटांसकट.

योग्य कमांड एकच: स्टॉप, आणि पुढे खरी वेळ तारखेसकट.

टाइमडब्ल्यू स्टॉप २०२५-०६-११टी१९:३०

तारीख आणि वेळ यांच्यामध्ये टी, जागा न सोडता. नुसतं १९:३० लिहायचा मोह होतो. काल संध्याकाळबद्दल आज सकाळी बोलताना तो आवरा.

मावसभावाने मात्र सवयीने सकाळी आधी स्टार्टच केलं होतं. त्यामुळे जुनी नोंद ९:२० ला बंद झाली. मग त्याने ट्रॅक कमांडने बरोबर वेळेची वेगळी नोंद घालायचा प्रयत्न केला, बुधवार ४:०५ ते ७:३०. टाइमवॉरियर म्हणाला, नोंदी एकमेकींवर चढतात, वेळ सुधारा किंवा ":अ‍ॅडजस्ट" द्या. त्याने अर्थातच ":अ‍ॅडजस्ट" दिलं. या सूचनेचा अर्थ "तू बघ काय ते" असा नाही. अर्थ असा की नवी नोंद जशीच्या तशी ठेव आणि जुन्या नोंदीचा तिच्याखाली येणारा भाग काप. तर जुन्या नोंदीतून ४:०५ ते ७:३० एवढाच तुकडा गेला, ७:३० ते सकाळी ९:२० हा उरलेला भाग त्याच टॅगसह तसाच राहिला. बेरीज? पुन्हा १७:१५. यावर त्याचा तो मेसेज आला.

सोडवलं असं: "टाइमडब्ल्यू अनडू" एकदा, त्याने ट्रॅक आणि काटछाट दोन्ही परत घेतली. मग "टाइमडब्ल्यू समरी :आयडीज यस्टरडे". या समरीत प्रत्येक नोंदीपुढे @ आणि क्रमांक येतो. सगळ्यात ताजी नोंद @१, त्याआधीची @२. ताजी म्हणजे सकाळी सुरू झालेली, म्हणून बिघडलेली @२. मग

टाइमडब्ल्यू मॉडिफाय एंड @२ २०२५-०६-११टी१९:३०

आणि झालं, ३:२५.

क्रमांकांबद्दल एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: ते कायमचे नसतात. नवी नोंद झाली की कालची @२ आज @३ होते. दोन दुरुस्त्यांच्या मधे समरी न बघता भलतीच नोंद कापल्याचे किस्से याच टूलच्या खात्यावर जमा होतात. प्रत्येक दुरुस्तीआधी समरी बघा. कंटाळा येतो, तरी बघा.

"पण मी कधी उठलो ते आठवतच नाही"

आठवायची गरज नाही. लिनक्स असेल तर मशीनने ते लिहून ठेवलेलं असतं.

लॅपटॉप मिटला की सिस्टिमडी-लॉगिनडी (झाकण, लॉगिन यांवर लक्ष ठेवणारी लिनक्सची सेवा) आपल्या लॉगमध्ये "लिड क्लोज्ड" अशी ओळ टाकते, उघडला की "लिड ओपन्ड". जर्नलसीटीएल या लॉग वाचायच्या कमांडला डॅश-यू देऊन त्या सेवेच्या नोंदी मागा, सिन्स यस्टरडे लावा, ग्रेप या शोधायच्या कमांडने "लिड" शोधा. मावसभावाच्या मशीनवर ओळ होती १९:२६ ची. तो ठामपणे साडेसात म्हणत होता. चार मिनिटांसाठी मी वाद घातला नाही.

लाइट गेली असेल तर वेगळी युक्ती. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच राम म्हणालीये, चार्जर काढला की मशीन जागीच बंद. आणि आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाणार ती गुरुवारी, ही जुनी रीत. पुढच्याच गुरुवारी तसंच झालं: नोंद चालू, लाइट गेली, दुपारी आली, नोंद अजून चालूच. अशा वेळी झाकणाची ओळ नसते, कारण झाकण मिटलंच नव्हतं. "जर्नलसीटीएल डॅश-डॅश-लिस्ट-बूट्स" द्या. प्रत्येक वेळी मशीन सुरू झाल्याची एक ओळ येते, तिच्यात लॉगमधली पहिली आणि शेवटची वेळ. आत्ताचं बूट शून्य क्रमांकाचं, त्याआधीचं वजा एक. वजा एकची शेवटची वेळ म्हणजे साधारण लाइट गेली ती वेळ, कधी काही मिनिटं आधीची. ती उचलायची आणि स्टॉपला द्यायची. जर्नल (मशीनचा लॉग) डिस्कवर साठवलं जात असेल तरच हे जमतं. यादीत एकच ओळ दिसली तर ते आधी चालू करून घ्या.

पुन्हा होऊ नये म्हणून: पहिला प्रयत्न, आणि नोव्हेंबर

टाइमवॉरियरमध्ये एक्सक्लूजन्स नावाची सोय आहे. कॉन्फिग फाइलीत प्रत्येक वाराला सांगता येतं की अमुक वेळेआधी, अमुक वेळेनंतर आणि मधल्या सुट्टीत मी काम करत नाही. उदाहरणार्थ सोमवारसाठी "एक्सक्लूजन्स.मंडे" बरोबर "<९:३० १३:००-१४:०० >२०:१५". स्टॉप विसरलात आणि दुसऱ्या दिवशी बंद केलंत, तर बंद करताना या वेळा कापून बाकीचे तुकडे तेवढे नोंदले जातात. सणाची सुट्टीही मांडता येते: "एक्सक्लूजन्स.डेज.२०२५_०८_२७" बरोबर "ऑफ" लिहिलं की गणेश चतुर्थीचा दिवस वगळला. (दुपारी १३:००-१६:०० लिहून अस्सल पुणेकर होता येईल, पण क्लायंट अमेरिकेतला असला तरी त्यालाही बेरीज येते.)

जूनमध्ये मी मावसभावाला हेच बसवून दिलं. पाच महिने छान चाललं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मेसेज, या वेळी उलट तक्रार: तास कमी भरतायत. रोजच्या क्लायंट कॉलच्या नोंदीत तयारीची १५ मिनिटं होती, कॉल नव्हताच. रोज, न चुकता, १५ मिनिटं.

कारण शोधायला मला अर्धा तास लागला, आणि सापडल्यावर कपाळावर हात मारला. कॉल न्यू यॉर्कच्या सकाळी १० चा. उन्हाळ्यात तिथली घड्याळं यूटीसीच्या ४ तास मागे असतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ७:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, २०२५ मध्ये २ तारखेला, त्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली. आपण काही घेत नाही, आपलं वर्षभर साडेपाचच. त्यामुळे सोमवार ३ नोव्हेंबरपासून तोच कॉल आपल्याकडे ८:३० ला. मावसभाऊ ८ वाजता तयारीला बसून स्टार्ट करायचा, ९ वाजता कॉल संपला की स्टॉप. आणि एक्सक्लूजन म्हणायचं की ८:१५ नंतर हा माणूस काम करत नाही. ८:०० ते ८:१५, पंधरा मिनिटं. टूलने सांगितलेलं चोख पाळलं होतं.

तेव्हापासून माझं मत असं झालंय: एक्सक्लूजन्स सणांसाठी आणि जेवणाच्या सुट्टीसाठी वापरा. संध्याकाळची सीमा घालू नका, किंवा घातलीच तर मध्यरात्रीच्या आसपास घाला. ज्याच्या वेळा परदेशी घड्याळावर चालतात त्याने तर नाहीच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी हा खेळ उलटा होतो.

दुसरा प्रयत्न: झाकणालाच खाडा मांडायला लावणं

लॅपटॉप झोपायच्या आधी सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा चालवणारा प्रोग्राम) एका ठरलेल्या फोल्डरातल्या स्क्रिप्ट चालवतो: यूएसआर, त्यात लिब, त्यात सिस्टिमडी, त्यात सिस्टिम-स्लीप. स्क्रिप्टला पहिला शब्द मिळतो "प्री" किंवा "पोस्ट", म्हणजे झोपण्याआधी की उठल्यानंतर. तर कल्पना सोपी: प्री असेल तर टाइमडब्ल्यू स्टॉप. झाकण मिटलं, खाडा पडला.

माझ्या मशीनवर हे दोन आठवडे चाललं नाही, आणि का चालत नाही ते कळतही नव्हतं. स्क्रिप्ट चालत होती. तिच्यात तारीख लिहायची एक ओळ घालून खात्री केली. हाताने सुडो (दुसऱ्या युजरच्या नावाने कमांड चालवायची सोय) लावून चालवली तर काही तक्रार नाही. पण सकाळी नोंद चालूच.

त्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरच्या, नावाने चालतात. रूटचा टाइमवॉरियर रूटच्या घरात डेटा शोधतो, माझ्या घरात नाही. तिथे डेटाबेस नसेल तर टाइमवॉरियर विचारतो: नवा तयार करू का? पहिल्या दिवशी सुडो लावून चाचणी घेताना मी हा प्रश्न न वाचता "येस" म्हणून मोकळा झालो होतो. त्यामुळे रूटकडे स्वतःचा कोरा करकरीत डेटाबेस तयार झाला. त्यानंतर रोज रात्री स्क्रिप्ट रूटला स्टॉप म्हणायची, रूट आपली रिकामी वही बघून सांगायचा की काहीच चालू नाही, आणि ते उत्तर ऐकायला तिथे कोणी नसायचं. शेजारच्या घराच्या कॅलेंडरवर आपला खाडा मांडण्यातला प्रकार.

उपाय: स्क्रिप्टमध्ये कमांड आपल्या नावाने चालवा. सुडो डॅश-यू, पुढे तुमचं युजरनाव, आणि डॅश-एच विसरू नका, त्यानेच घर तुमचं धरलं जातं. मग टाइमडब्ल्यू स्टॉप. टाइमवॉरियरडीबी नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये फोल्डरचा पत्ता देऊनही काम होतं, पण रूटने तुमच्या फोल्डरात लिहायला सुरुवात केली की फाइलींची मालकी कोणाची हा नवा तंटा उभा राहतो. त्यापेक्षा सुडो बरा. रूटच्या घरातला तो कोरा फोल्डरही काढून टाका, नाहीतर पुढच्या चुकीला तो पुन्हा पांघरूण घालेल.

उठल्यावर, म्हणजे पोस्टला, आपोआप "कंटिन्यू" लावायचा सल्ला काही जण देतात. मी लावत नाही. रात्री क्लायंटचं काम करून झाकण मिटलं आणि सकाळी बँकेचं स्टेटमेंट बघायला उघडलं, तर ते बिल कोणाला लावू?

लाइट गेली तर स्क्रिप्ट चालत नाही

हे उरतंच. त्यासाठी माझ्या बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना आपोआप चालणाऱ्या फाइलीत) चार ओळी आहेत. "टाइमडब्ल्यू गेट डॉम.अ‍ॅक्टिव्ह" हे नोंद चालू असेल तर १, नसेल तर ० देतं. १ आलं की "डॉम.अ‍ॅक्टिव्ह.स्टार्ट" मागायचं, त्याची पहिली १० अक्षरं म्हणजे तारीख. ती आजची नसेल तर टर्मिनल उघडताच लाल अक्षरांत ओळ येते: "कालची नोंद उघडी आहे, आधी स्टॉप." प्रत्येक प्रॉम्प्टला हे घातलं नाही, फक्त टर्मिनल सुरू होताना. मध्यरात्र ओलांडून काम करत असलात तर हा इशारा उगाच येतो. येऊ दे.

तास बरोबर, तरी बेरीज चुकते?

मग टॅग बघा. "टाइमडब्ल्यू टॅग्ज" म्हटलं की आजवर वापरलेले सगळे टॅग येतात. मावसभावाच्या यादीत "मीटिंग" होतं आणि "मिटिंग"ही होतं. टूलला ऱ्हस्व-दीर्घ माफ नसतं. आणि "क्लायंट कॉल" अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की ते एक नाव राहत नाही, क्लायंट आणि कॉल असे दोन टॅग होतात. देवनागरी टॅग चालतात, फक्त टर्मिनलमध्ये रकाने थोडे वाकडे दिसतात.

मावसभावाला स्क्रीन लॉक झाली की लगेच स्टॉप हवा होता. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या स्क्रीनसेव्हरचा सिग्नल जीडीबस मॉनिटर या कमांडने ऐकून तेही करता येतं, आणि करून दिलं. तो कागदावर आकृत्या काढत विचार करतो. तेवढ्यात स्क्रीन लॉक होते. पहिल्याच दिवशी कामाचे २३ तुकडे पडले. "टाइमडब्ल्यू जॉइन @१ @२" करत संध्याकाळी दोघं बसलो होतो, पाचव्या जोडणीला त्याने स्वतःच ती स्क्रिप्ट बंद केली. आता चहाला उठतो तेव्हा तो झाकण मिटून उठतो.